शमीम मॅडमची मंडळी

शमीम मॅडम वर्गात शिरण्याआधी दाराबाहेर चपला काढायच्या. अमरावतीच्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यातली फरशी अशी तापायची, की शिपाई पुढे पाणी मारत जायचा आणि त्याच्या मागे ते वाळत यायचं. त्या फरशीवरून अनवाणी दोन-चार पावलं टाकून त्या आत यायच्या, टेबलामागे उभ्या राहायच्या आणि बोलायला लागायच्या. तेही मधूनच कुठून तरी. जणू घरून निघाल्यापासून त्या बोलतच होत्या आणि ऐकणारे तेवढे आत्ता पोचले होते.

मी त्या वर्षी प्राणिशास्त्र विभागात नवीन लागले होते. स्टाफरूममध्ये मॅडमच्या शेजारची खुर्ची बहुतेक रिकामी असायची, म्हणून मी तिथे बसायला लागले. त्या फारशा बोलत नाहीत असं मला सांगण्यात आलं होतं. तसं नव्हतं. त्या बोलायच्या, फक्त इतक्या हळू, की समोरच्याला आपलं बोलणं थांबवावं लागायचं. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा त्यांच्या तासाला पुढे सरकून बसायची.

चपलांचं मी एकदा विचारलं.

"सवय गं मीनल," त्या म्हणाल्या. "कितीतरी वर्षं उंदरांच्या खोलीत काम केलं. तिथं आत जायचं म्हणजे हात कोपरापर्यंत धुवायचे, कपडे बदलायचे, डोकं झाकायचं. बाहेरचं सगळं बाहेर ठेवायचं. मले वाटते, वर्गातबी तसंच जावं."

मॅडम मूळच्या अकोल्याच्या. शिक्षणाची मराठी आणि घरची वऱ्हाडी त्यांच्या तोंडात एकमेकींत मिसळून यायची आणि मध्येच एखादा उर्दू शब्द सावकाश बाहेर पडायचा. वडील पिंजारी होते. जुन्या वस्तीतल्या त्यांच्या घरात पुढच्या खोलीत कापूस पिंजला जायचा. लहानपणी आपण कापसाच्या ढगात अभ्यास केला, पुस्तक उघडलं की पानावर तंतू येऊन बसायचे, असं त्या सांगायच्या. भाऊ अजून गाद्या-रजया भरून द्यायचा. त्या रोज सकाळी अकोल्याहून एस.टी.नं मूर्तिजापूरमार्गे अमरावतीला यायच्या आणि संध्याकाळी परत जायच्या. कितीदा तरी विचारांच्या नादात स्टँडवर उतरायचं राहून जायचं आणि गाडी डेपोत गेल्यावर ड्रायव्हर त्यांना सांगायचा, "मॅडम, आता पुढे काई नाई." त्या शांतपणे उतरून परत चालत यायच्या.

त्यांचे उंदीर म्हणजे जन्मापासून अंगात रोगाशी लढायची ताकदच नसलेले उंदीर. एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेत त्यांनी ते सांभाळले होते. पिंजऱ्यात येणारी हवा गाळलेली, पाणी उकळून निवलेलं, दाणासुद्धा निर्जंतुक केलेला. आपल्याला दोन शिंका येऊन जातात त्या जंतूंनी ते मरायचे. मॅडम त्यांना "माझी मंडळी" म्हणायच्या. मंडळींसाठी त्यांनी आवाज खाली आणला होता, कारण मोठ्या आवाजाला व्यालेली मादी घाबरते आणि घाबरली की आपलीच पिल्लं खाते. वेगळा वास आला तरी तेच. ईदला भावजयीनं मनगटावर अत्तर लावलं, की इतक्या वर्षांनीही त्यांचा दुसरा हात आपोआप ओढणीकडे जायचा आणि त्या ते पुसून टाकायच्या. भावजय रागावायची. मग त्यांच्या लक्षात यायचं, की अकोल्यात कुठली पिल्लं.

त्या शिकवायच्या ते मात्र विसरता येत नाही. फळ्यावर त्या मांडीचं हाड काढायच्या, लांब, गल्लीसारखं. त्याच्या आत खडूचे ठिपके. हाडाच्या आतल्या मज्जेत रोज नव्या पेशी जन्माला येतात, त्यांतल्या काहींना बी पेशी व्हायचं असतं, पुढे जाऊन जंतूंना अडवणारी प्रतिपिंडं करायची असतात, असं सांगता सांगता त्यांचं बोट एकेका ठिपक्याबरोबर सरकायचं. प्रत्येक पेशी आपल्याच जनुकाचे तुकडे कापते आणि वेगळ्या रीतीनं जोडते. त्यातून तिला स्वतःची अशी एक खूण मिळते, जगातल्या कुठल्या तरी एका जंतूला ओळखणारी. ज्यांचा जोड जमत नाही त्या तिथंच विरून जातात.

"माझ्या मंडळींना कापता यायचं, शिवता यायचं नाही," त्या म्हणायच्या. "म्हणून त्यांच्या पेशी गल्लीच्या सुरुवातीलाच बसून राहायच्या. मी सूक्ष्मदर्शकातून पाहत बसायची. वाटायचं, उठतील एखाद्या दिवशी."

मुलं ऐकत राहायची. ती वर्षं वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांना फार वाईट गेली. पेपर उघडला की रोज कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव असायचं आणि वर्गात हजेरी घेताना एखादं नाव पुकारलं की सगळे एकदम गप्प व्हायचे, त्या गप्पपणावरून कळायचं की त्या घरी काही झालंय. अशा वर्गापुढे ही बाई उंदराच्या हाडातल्या पेशींबद्दल स्वप्नात असल्यासारखी बोलायची आणि कोणाला ते परकं वाटायचं नाही. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. बहुतेक त्या मुलांनाही वाट पाहणं म्हणजे काय ते माहीत होतं.

संस्था त्यांनी सोडली ती आईसाठी. आईला अर्धांगवायू झाला, वडील आधीच गेले होते, भावजय एकटी किती करणार. एक वर्षाची रजा घेऊन त्या अकोल्याला आल्या आणि मग राहूनच गेल्या. जाताना त्यांचं एक काम अर्धवट होतं. त्यांच्या मंडळींपैकी एक म्हातारी मादी होती, जिच्या रक्तात म्हातारपणी थोडी प्रतिपिंडं सापडली. असं होतं कधीकधी. अशा उंदराला तिथं 'गळका' म्हणत आणि प्रयोगातून काढून टाकत, कारण तो हिशेब बिघडवतो. मॅडमना मात्र तिलाच विचारायचं होतं, की बाई, सगळ्यांना नाही जमलं ते तुला कसं जमलं.

"मग?" मी विचारलं होतं.

"मग काय. तिला काढून टाकलं आणि मी इकडे आले." त्यांनी बिनदुधाच्या आल्याच्या चहाचा घोट घेतला. "उंदीर कधी खोटं बोलत नाही मीनल. आपल्याला विचारायला वेळ नसतो, एवढंच."

त्यांच्या बोलण्यात खंत शोधायचा मी प्रयत्न केला. होती की नाही, कळलं नाही.

वैशाली आमच्या एम.एस्सी.च्या वर्गातली. लग्न झालेली, मोर्शीजवळच्या एका गावात सासर, घरची संत्र्याची बाग. ती हुशार होती, पण तिच्या प्रॅक्टिकलला नेहमी दांड्या. मुलगा आजारी असायचा. एका दुपारी ती राहिलेलं काम पूर्ण करायला आली आणि मोरीवर काचपट्ट्या धुवत उभी होती. मॅडम शेजारी हात धुवत होत्या. मी टेबलापाशी काहीतरी लिहीत होते.

"पुन्हा न्यूमोनिया?" मॅडमनी विचारलं.

"हाव मॅडम. आता तर कानातूनबी पू येते."

"केवढा आहे?"

"चौथं लागलं. ओंकार नाव हाय."

"जन्मला तेव्हा कसा होता?"

वैशालीच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आलं. "लय गोंडस होता. सहा-सात महिने तर कधी शिंकला बी नाई. मंग काय झालं कोण जाणे."

मॅडमचे हात तसेच नळाखाली राहिले. "त्याचे टॉन्सिल कोणी पाहिलेत?"

"डॉक्टर पायतेत न घसा."

"सुजलेत का, ते नाही विचारत. आहेत का, ते पाहिलंय कोणी?"

"असतीन न मॅडम. सगळ्याइले असतेत."

"तुला भाऊ आहेत का गं?"

"दोघं होते, माह्यापेक्षा मोठे. लहानपणीच गेले. एक तापानं गेला, अन् दुसऱ्याच्या छातीत कफ झालता म्हणते माय." तिनं काचपट्टी फडक्यावर ठेवली. "काहून मॅडम?"

मॅडमनी नळ बंद केला. ओढणीला हात पुसले. मग म्हणाल्या, "मी उंदरांची आहे बेटा, माणसांची डॉक्टर नाही. माझं चुकत असू शकतं. पण उद्या त्याला घेऊन ये. आपण डॉक्टरांकडे जाऊ."

ज्यांच्याकडे आम्ही गेलो ते अमरावतीतले बालरोगतज्ज्ञ तरुण होते आणि ऐकून घेणारे होते. मॅडम काय म्हणतात ते त्यांनी मान खाली घालून पूर्ण ऐकलं. मग ओंकारला मांडीवर घेतलं, बॅटरी लावून घसा पाहिला आणि बराच वेळ पाहत राहिले. दोन्ही बाजूंना जिथं गाठी असायला हव्यात तिथं काहीच नव्हतं. घसा अगदी गुळगुळीत होता. "हे मी पुस्तकात वाचलेलं," ते म्हणाले, "समोर कधी आलं नव्हतं." त्यांनी रक्त मुंबईला तपासायला पाठवलं.

रिपोर्ट आला त्या दिवशी मी मॅडमबरोबर होते. ओंकारच्या रक्तात बी पेशी जवळजवळ नव्हत्याच. डॉक्टर सांगत होते, की हा आईकडून मुलग्याला येणारा दोष आहे, पेशी हाडात जन्मतात, पण अर्ध्या वाटेवर त्यांना पुढं जायचा निरोपच मिळत नाही. मॅडम ऐकत होत्या. हे सगळं त्यांना पाठ होतं. याच जनुकाचा बिघाड असलेले उंदीरही त्यांनी पाहिले होते, मात्र उंदरात तो सौम्य असतो, बऱ्याच पेशी कशाबशा पार होतात. माणसाच्या मुलात तेवढी सवलत नसते.

बाहेर येऊन त्या बाकावर बसल्या. समोर आयांची आणि पोरांची रांग होती.

"तिकडं असा उंदीर मिळाला की आम्ही खूश व्हायचो," त्या म्हणाल्या. "पेढे वाटायचो. आज पहिल्यांदा वाटलं, नसता मिळाला तर बरं झालं असतं."

यावर उपाय होता. दर महिन्याला शिरेतून तयार प्रतिपिंडं द्यायची, आयुष्यभर. पण त्याआधी दुसरंच काही उभं राहिलं. आईकडून येतो, हे डॉक्टरांचं वाक्य वैशालीच्या सासरी तिच्याआधी पोचलं. तिचे दोन भाऊ लहानपणीच वारले होते, हे माहीत होतंच. गावात बोललं जाऊ लागलं, की हिच्या माहेरची पोरं जगत नाहीत आणि हे सगळं हिनं लपवून ठेवलं. वैशाली कॉलेजात यायची बंद झाली. ओंकारला दवाखान्यात आणायचा दिवस आला आणि गेला.

"जाऊन येऊ," मॅडम मला म्हणाल्या.

मोर्शीच्या रस्त्याला मी लहानपणापासून कितीदा गेले होते. दोन्ही अंगांना संत्र्याच्या गर्द बागा, बसमध्येसुद्धा हवेत गारवा लागायचा. त्या वर्षी विहिरी तळाला गेल्या होत्या आणि बोअर कितीही खोल घेतली तरी धूळच वर येत होती. बागाच्या बागा उभ्या वाळल्या होत्या, काही तोडून टाकल्या होत्या आणि रस्त्याकडेला संत्र्याच्या लाकडाचे ढीग लागलेले. मॅडम खिडकीतून बघत होत्या. इतकी वाळली तरी कापलेल्या लाकडाला अजून सालीचा वास येतोय, असं त्या म्हणाल्या. मला नाही आला.

वैशालीची सासू अनसूयाबाई ओट्यावर तुरी निवडत बसली होती. रुंद हाडाची, उन्हानं काळवंडलेली बाई. तिनं आम्हाला बाज टाकून दिली, पाणी दिलं आणि सुपाकडे परत वळली. वैशाली आतल्या दारात उभी राहिली. ओंकार तिच्या पदराला धरून होता, कानात कापसाचा बोळा.

"तुमीच त्या मास्तरीनबाई का, उंदरावाल्या?" अनसूयाबाईनं विचारलं.

"हो, मीच."

"मंग मले एक सांगा. हे जे पोराले झालं, हे हिच्याच्यानं झालं का नाई?"

मी मॅडमकडे पाहिलं. मला वाटत होतं की त्या 'नाही' म्हणतील, एवढं एक खोटं बोलतील. वैशालीही त्यांच्याकडेच बघत होती.

"हो," मॅडम म्हणाल्या. "तिच्याकडून आलं."

तुरी निवडणारा हात थांबला. वैशालीनं चौकट धरली.

"आता माझं पुरतं ऐका," मॅडम त्याच हळू आवाजात पुढे म्हणाल्या. अनसूयाबाईला ऐकू यावं म्हणून पुढे वाकावं लागलं. "तुमचा नातू जन्मला तेव्हा त्याच्याकडं काहीच नव्हतं. रोगाशी लढायला एक कणसुद्धा नाही. तरी तो सहा-सात महिने शिंकला नाही. कशावर राहिला तो? तो पोटात असताना हिनं नाळेतून आपलं दिलं. तिच्या अंगातलं जे होतं ते, लहानपणापासून तिनं सोसलेल्या प्रत्येक तापाचं, खोकल्याचं औषध तिच्या रक्तात साठलेलं, ते तिनं त्याला दिलं. तेवढ्यावर तो जगला. ते संपलं तेव्हा आजारी पडायला लागला. दोष तिच्याकडून आला, हे खरं आहे. जगला तोही तिच्याच्यानं, हेही तेवढंच खरं आहे. एक धराल तर दुसरंही धरा."

अंगणात एक बकरी वाळलेल्या संत्र्याच्या फांदीची साल ओरबाडत होती.

"अन् हिले माहीत होतं का?" अनसूयाबाईनं विचारलं.

"कोणालाच माहीत नव्हतं. तिच्या आईलाही नाही. तिनं दोन पोरं पुरली, तिला कोणी सांगितलं नाही काहून."

अनसूयाबाईनं सूप खाली ठेवलं. ती उठून आत गेली, वैशालीच्या शेजारून. थोड्या वेळानं चुलीवर काहीतरी तळल्याचा आवाज आला आणि आतून तिनं हाक मारली, "वैशाली, पाहुण्याइले ताटं घे. अन् त्या दवाखान्यात कोन्या दिवशी जा लागते ते इचारून ठेव."

औषध मिळणं सोपं नव्हतं. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एका धर्मादाय संस्थेशी बोलून व्यवस्था लावून दिली. बाटल्या रेल्वेनं अकोल्याला यायच्या. त्या गार ठेवायला लागतात, पण गोठूनही चालत नाहीत. अकोल्याहून अमरावतीला त्या आणायच्या कोणी, असा प्रश्न आला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मी रोज येतेच ना."

मग दर महिन्याला एका सकाळी त्या एस.टी.त मांडीवर थर्मोकोलचा डबा घेऊन बसलेल्या असायच्या. वर ओली रजई, भावानं खास डब्याच्या मापाची शिवून दिलेली. वऱ्हाडचं ऊन खिडकीतून अंगावर येत असताना त्या डब्याला ओढणीच्या पदरानं सावली करायच्या. त्या मार्गावरचा कंडक्टर त्यांना ओळखायला लागला होता.

"मॅडम, कुल्फी हाय का?" त्यानं एकदा विचारलं.

"माणसं आहेत," मॅडम म्हणाल्या.

"मंग तिकीट?"

"फार आहेत हो. तुमचं तिकिटांचं बुक संपेल."

कंडक्टर हसला. मॅडम मात्र खरंच बोलत होत्या. एकेक बाटली हजारो माणसांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांची असते. ओंकारला सलाइन लागलं, की कॉलेज सुटल्यावर त्या त्याच्या खाटेशी येऊन बसायच्या. पोराला सुईची भीती वाटू नये म्हणून त्यांनी एक खेळ काढला होता. बाटलीत कोण कोण आलंय ते ओळखायचं.

"यात एक टॅक्सीवाला आहे," त्या थेंबांकडे बघत सांगायच्या. "त्याला लहानपणी गोवर झालेला. त्याच्या रक्ताला तो आठवतो. एक केरळची नर्स आहे. तिला इतके खोकले माहीत आहेत की मोजता येणार नाहीत. हा जो आत्ता पडला ना थेंब, यात समुद्रकाठचा एक मास्तर आहे."

ओंकार डोळे मोठे करून बघायचा. तो पाच-सहा वर्षांचा झाला असेल तेव्हाची गोष्ट. मी त्या दिवशी तिथं होते.

"अकोल्याचं बी हाय का कोनी?"

"असेल की."

"त्याले मी माईत हाय?"

"नाही."

"मंग त्यानं काहून देल्लं?"

थेंब पडत होते. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. मॅडम नुसत्या नळीकडे बघत होत्या, जणू उत्तर तिथून खाली उतरून येणार होतं.

"असंच," शेवटी त्या म्हणाल्या. ओंकारला ते पुरलं. तो कुशीवर वळला.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. एका उन्हाळ्यात औषधच आलं नाही. मुंबईतच तुटवडा होता. आज येईल, उद्या येईल असं होत होतं आणि मॅडम रोज सकाळी अकोल्याच्या स्टेशनवर पार्सल ऑफिसात जाऊन रिकाम्या हातानं बसमध्ये चढत होत्या. ओंकारला पुन्हा न्यूमोनिया झाला, कान पुन्हा वाहायला लागला. तो दवाखान्यात होता तेवढे दिवस वैशालीचा नवरा प्रमोद खाटेच्या पायथ्याशी उभा असायचा. फार अबोल माणूस. त्या वर्षी त्यानं उरलीसुरली झाडंही तोडली होती. मॅडम वर्ग घ्यायच्या, पण फळ्यावर हाड काढलं की खडू हातात तसाच राहायचा. मुलं वाट बघायची. एकदा त्या तशाच खाली मान घालून म्हणाल्या, "आज एवढंच," आणि चपला हातात घेऊन निघून गेल्या.

औषध आलं. ओंकार वाचला, पण डाव्या कानानं त्याला ऐकू येईनासं झालं. मॅडमचं हळू बोलणं त्याला ऐकू जायचं नाही, म्हणून त्या त्याच्या उजव्या बाजूला बसायला लागल्या. त्याच्याशी बोलताना पहिल्यांदाच मी त्यांना आवाज चढवताना ऐकलं. त्यांचा मोठा आवाज असा असेल असं मला वाटलं नव्हतं. जरा चिरका, गल्लीत वाढलेल्या पोरीचा आवाज.

पुढं वैशालीनं एम.एस्सी. पूर्ण केलं आणि मोर्शीला शाळेत लागली. मॅडम निवृत्त झाल्या. आई गेली. अकोल्याच्या घरात कापूस पिंजायचं बंद झालं, आता मशीन आलं होतं, ते दुसरीकडे होतं. त्या तिथंच राहायच्या, शेजारच्या मुलींना शिकवायच्या. औषध अमरावतीला थेट मिळायला लागलं, तरी डबा आणायचा दिवस आला की आपल्याला चुकल्यासारखं होतं, असं त्या फोनवर म्हणाल्या होत्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते वैशालीच्या गावी. दोन-तीन पावसाळे बरे झाले होते, विहिरीला पाणी आलं होतं आणि प्रमोदनं पुन्हा संत्र्याची कलमं लावली होती. त्या वर्षी त्यांना पहिल्यांदा आंबिया बहार, थंडी सरतानाचा, फुटला. वैशालीनं आम्हा दोघींना जेवायला बोलावलं. ओंकार तेव्हा कॉलेजात जायच्या वयाचा होता, उंच, बापासारखा अबोल. तोच मॅडमना स्टँडवरून मोटारसायकलवर घेऊन आला.

झाडं अजून कमरेएवढीच होती, पण फुलं अशी आली होती की पानं दिसत नव्हती. सगळ्या बागेवर तो वास पसरला होता, गोड आणि थोडा कडसर, श्वास घेतला की डोक्यात चढणारा. जेवण झाल्यावर मॅडम मधमाश्यांच्या आवाजात झाडांमधून हिंडत राहिल्या. एकेका झाडापाशी थांबायच्या, फुलाला हात न लावता वाकून बघायच्या. त्या खूप बारीक झाल्या होत्या. श्वास लागायचा, पण त्याबद्दल कोणी विचारलेलं त्यांना चालत नसे. अनसूयाबाई त्यांच्या मागे मागे काठी टेकत चालली होती. दोघी काय बोलत होत्या ते आम्हाला ऐकू येत नव्हतं.

मग कडुनिंबाखाली बाज टाकली होती तिथं मॅडम टेकल्या. ओंकार आपल्या परीक्षेबद्दल काही सांगत होता, त्या मान हलवत होत्या आणि मान हलवता हलवता त्यांचे डोळे मिटले. तो थांबला. अनसूयाबाईनं आतून गोधडी आणून त्यांच्या पायांवर टाकली.

मला शेवटची बस धरायची होती. निरोप घ्यायला मी बाजेपाशी गेले. मॅडमच्या केसांवर, ओढणीवर वाऱ्यानं आलेल्या पाकळ्या पडल्या होत्या. चेहरा असा शांत होता की हाक मारायला मन होईना. तरी मी खाली वाकले.

अनसूयाबाईनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"झोपू द्या तिले," ती म्हणाली. "लय दुरून आली थे."